एकाच वाफ्यात आयरिस आणि डेलिली

आयरिसचा बहर ओसरला की वाफा एकदम ओका दिसतो. वसंत सरता सरता काही आठवडे नुसती धमाल असते, आणि मग मागे उरतात ती ताठ, करडी-हिरवी पाती. ऊन वाढतं तशी त्यांची टोकं तपकिरी पडत जातात. नेमके त्याच सुमारास डेलिलीचे फुलदांडे पानांतून वर डोकं काढतात. म्हणजे एकाचा बहर जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो, दोघांनाही भरपूर ऊन लागतं, दोन्ही झाडं वर्षानुवर्षं टिकतात. मग एकाच वाफ्यात का लावू नयेत? याच विचाराने मी ही लागवड केली. वाफा आता चांगला रुळला आहे आणि मी पुन्हा करायचं ठरवलं तरी हीच जोडी लावेन. पण एक गोष्ट आधीच ठासून सांगते. ही जोडी रंग बघून जुळवायची नसते, पाणी बघून जुळवायची असते.

माती बाजूला केली की यामागचं कारण दिसतं. वाफ्यात डेलिलीचे जुने ठोंब आधीपासून होते, ते मी बहर संपल्यावर विभागणीसाठी उपटले. एक ठोंब कुदळीने सैल करून वर घेतला आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली धरला. माती निघून गेल्यावर दिसली ती जाड, मांसल, पिवळसर मुळं, एकमेकांत घट्ट गुंतलेली. काही मुळांवर मध्येच लांबट फुगवटे होते. त्या फुगवट्यांत झाडाची शिदोरी असते. पाणी साठवलेलं असल्यामुळे डेलिली थोडे दिवस कोरडी राहिली तरी तग धरते, पण तिला खरं सुख मिळतं ते ओलीत, विशेषतः कळ्या धरताना.

त्याच्या शेजारी बिअर्डेड आयरिसचा, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखे केस असलेल्या आयरिसचा, गड्डा ठेवून बघा. हा आडवा वाढतो, जाडजूड असतो आणि त्याची मुळं फक्त खालच्या अंगाला असतात. वरचं अंग उघडं, उन्हात तापायला तयार. या गड्ड्याला जमिनीत खोल गाडून घ्यायचंच नसतं. त्याची पाठ मातीच्या वर दिसली पाहिजे, तिला ऊन लागलं पाहिजे आणि उन्हाळ्यात तिच्याभोवतीची माती मोकळी, कोरडी राहिली पाहिजे. सतत ओल मिळाली तर गड्डा कुजतो. एकाला उन्हाळ्यात पाणी हवं, दुसऱ्याला उन्हाळ्यात विश्रांती हवी. शेजार घडवायचा तर या दोन गरजांचा मेळ घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझ्या वाफ्याला थोडा उतार होता, त्याचाच फायदा घेतला. वरची, सूर्याकडची कड आयरिसला दिली. तिथे माती ओढून वीतभर उंचीचा लांब वरंबा केला आणि मातीत जाडसर वाळू व बारीक खडी मिसळली, म्हणजे पावसाचं पाणी थांबणार नाही. खालचा सखल भाग डेलिलीचा. तिथे कुजलेलं कंपोस्ट भरपूर घातलं. आयरिसच्या वरंब्यात मात्र कंपोस्ट हात राखूनच टाकलं. नत्र जास्त झालं की आयरिसची पाती लुसलुशीत वाढतात, फुलं कमी येतात आणि ती कोवळी वाढ सडीला लवकर बळी पडते. त्यामुळे आयरिसला मी वसंताच्या सुरुवातीला नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेलं खत देते, तेही चिमटीचिमटीने आणि गड्ड्याला न लागू देता.

वाफा सपाट असेल तर वरंबा आणखी थोडा उंच करावा. उतार नसला तरी वरंबा-सरीची ही मांडणी पुरते.

उन्हाळा उतरणीला लागला की लागवड केली. हाच आयरिसचा खरा लावणीचा काळ, कारण फुलून गेल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी गड्डा निवांत होतो आणि त्यानंतर नवी मुळं धरतो. थंडी कडक होण्याआधी त्याला मुळं रुजवायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. वाफसा बघून खड्डा घेतला. खड्ड्याच्या मधोमध मातीची छोटी उंचवटी केली, गड्डा तिच्यावर बसवला, मुळं दोन्ही बाजूंना पसरून खाली सोडली आणि मुळांवर माती घट्ट दाबली. गड्ड्याची पाठ उघडीच ठेवली. पाती आधीच वीतभर ठेवून छाटली होती, नाहीतर वाऱ्याने गड्डा हलतो आणि मुळं धरत नाहीत.

गड्डा कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा, याकडे फार कमी जण लक्ष देतात. आयरिस पात्यांच्या टोकाच्या दिशेने पुढे सरकत वाढतो, मागचं टोक जुनं होत जातं. म्हणून सगळ्या गड्ड्यांची पाती मी डेलिलीपासून दूर, वाफ्याच्या कडेकडे वळवली. वाढ होईल ती मोकळ्या, उन्हाच्या बाजूला. उलट बसवले असते तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवे गड्डे नेमके डेलिलीच्या पानांखाली, सावलीत घुसले असते.

डेलिलीची लागवड तुलनेने सोपी. जिथे मुळं आणि पानं मिळतात तो सांधा मातीखाली साधारण अडीच सेंटीमीटर राहील इतकंच खोल लावायचं, मुळं पसरायची, पाणी द्यायचं, झालं. डेलिली फारशी कुरकुर करत नाही. आयरिस आणि डेलिलीच्या ओळींमध्ये मी साठ सेंटीमीटर अंतर ठेवलं. लावताना ते अंतर डोळ्यांना फार मोठं वाटतं. कोणाचाही हात मध्ये काहीतरी आणखी खोचायला शिवशिवेल. ती जागा तशीच राहू द्यावी.

कारण पुढच्या वसंतात कळतं. डेलिलीची पानं जमिनीतून फार लवकर आणि फार जोमाने येतात. आधी कोवळ्या हिरव्या टोकांची रांग दिसते, मग बघता बघता ती पानं लांब होऊन कमानीसारखी चहूबाजूंना वाकतात. दिसायला सुरेख, पण त्या कमानीखाली जो गड्डा सापडेल त्याचं ऊन तुटलं. ओलसर सावली आणि हवा खेळती नाही, ही सडीला आमंत्रण देणारी परिस्थिती. आणखी एक गोष्ट असते, ती मला फार महत्त्वाची वाटते. आयरिसचा एक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून गेला की त्याच्या कुशीतून दोन्ही बाजूंना नवे गड्डे फुटतात, आणि पुढच्या वसंतात फुलायचं असतं ते या नव्या गड्ड्यांनी. ही पिलं पोसली जातात ती फुलं संपल्यानंतरच्या काळात, म्हणजे नेमकी डेलिली ऐन भरात असताना. त्या दिवसांत पात्यांना ऊन मिळालं नाही तर त्या वर्षी काहीच बिघडलेलं दिसत नाही. फटका बसतो तो पुढच्या वसंतात, पाती हिरवीगार आणि दांडा एकही नाही. अनेकांच्या बागेत आयरिस ‘फुलायचा थांबतो’ त्यामागे बरेचदा अशी शेजारच्या पानांची सावली असते.

म्हणून आयरिसच्या लगतच्या ओळीला बुटक्या जातीच असाव्यात. मी तिथे ‘स्टेला दे ओरो’ लावली. ही १९७५ची, वॉल्टर याब्लोन्स्की यांनी तयार केलेली जात. दांडा जेमतेम तीस सेंटीमीटर, फुलं सोनेरी पिवळी, लहान, आणि बहर एकदा येऊन थांबत नाही, उन्हाळाभर थांबून थांबून येत राहतो. तिच्या मागे तिचीच लेक ‘हॅपी रिटर्न्स’, फिकट लिंबू रंगाची. अगदी मागे, सखल बाजूला ‘हायपेरियन’. ही १९२४ची जुनी जात आहे, मीटरभर उंच, आणि तिला सुगंध आहे. सगळ्याच डेलिलींना सुगंध नसतो, त्यामुळे हिच्यावर माझा विशेष जीव आहे.

नारिंगी रंगाची, रस्त्याकडेला माजलेली दिसते ती रानटी डेलिली मात्र या वाफ्यात आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिला सहसा बी धरत नाही, पण जमिनीखालून धुमारे सोडत ती पसरते आणि आयरिसच्या गड्ड्यांमधून वाट काढते. एकदा शिरली की दोन्ही झाडं उपटल्याशिवाय ती निघत नाही. बागेतल्या बहुतेक संकरित जाती अशा धावत नाहीत, त्या ठोंब करून जागच्या जागी फुगतात. तरीही दर वसंतात मी दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात फावड्याचं धारदार पातं सरळ खाली उतरवत जाते. आयरिसच्या बाजूला सरकणारी डेलिलीची मुळं त्यात कापली जातात. त्याने डेलिलीचं काही अडत नाही. काम तासाभराचं आहे, पण या जोडीसाठी वर्षभरात मी जे काही करते त्यात हे सगळ्यात मोलाचं.

आता फुलांबद्दल. उंच आयरिसमध्ये माझ्याकडे ‘डस्की चॅलेंजर’ आणि ‘इमॉर्टॅलिटी’ या दोन आहेत. ‘डस्की चॅलेंजर’ १९८६ची, श्रायनर यांच्या रोपवाटिकेतली, आणि तिला १९९२मध्ये डाइक्स पदक, म्हणजे आयरिसच्या जातीला मिळणारा सर्वोच्च मान, मिळालं. कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी पीळ घातलेल्या काळ्या रेशमासारखी दिसते. सकाळी तीन पाकळ्या वर उभ्या राहतात, तीन खाली लवतात, सगळ्यांच्या कडांना झालर, आणि रंग इतका गडद जांभळा की सकाळच्या तिरप्या उन्हातच त्याची खरी छटा कळते. ‘इमॉर्टॅलिटी’ पांढरीशुभ्र. ती १९८२ची, लॉइड झुरब्रिग यांची, आणि हवामान साथ देईल तिथे शरद ऋतूत ती दुसऱ्यांदा फुलते. डेलिलीचा बहर उतरत असताना आयरिस पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा या जोडीचा पूर्ण घाट डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्यांदा फुलणाऱ्या अशा जातींना उन्हाळ्यातही थोडं पाणी चालतं, म्हणून ‘इमॉर्टॅलिटी’ मी वरंब्याच्या खालच्या टोकाला, डेलिलीच्या पाण्याची थोडी ओल लागेल अशी ठेवली आहे.

आयरिसची फुलं गेली की दांडा बुडापासून कापायचा. पाती मात्र हिरवी असेपर्यंत कापायची नाहीत. वाफा नीटनेटका दिसावा म्हणून ती पंख्याच्या आकारात आखूड छाटण्याची पद्धत दिसते, मला ती अजिबात पटत नाही. पिलांचं पोषण तीच पाती करतात. फक्त वाळलेली, डाग पडलेली पानं ओढून काढावीत. बाकीचा ओकेपणा झाकायला ‘स्टेला’ समोर उभी असतेच.

डेलिलीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, रात्रीपर्यंत मिटतं. पण एका दांड्यावर कळ्या बऱ्याच असतात आणि एका ठोंबाला दांडे अनेक, त्यामुळे बहर आठवडे चालतो. रोज सकाळी कालची मिटलेली फुलं खुडायचा माझा नेम आहे. फूल बुडाशी धरून बाजूला हलकेच मोडायचं, सरळ खाली ओढलं तर शेजारची कोवळी कळीही हातात येते. गडद लाल जातीचं कोमेजलेलं फूल खुडलं की बोटं जांभळी होतात. खुडण्यामागे केवळ देखणेपणा नाही. मिटलेली फुलं लिबलिबीत होऊन पुढच्या कळीला चिकटतात, ती नीट उमलत नाही. आणि बी धरू दिलं तर झाडाची ताकद शेंगा पोसण्यात जाते.

पाणी देताना वरून फवारणी पूर्ण बंद. ठिबकची एकच नळी आहे आणि ती फक्त डेलिलीच्या ओळींमधून फिरवली आहे. आयरिसला लावणीनंतर मुळं धरेपर्यंत झारीने पाणी दिलं, पुढे पाऊस देईल तेवढंच. आच्छादनाचंही तेच. डेलिलीच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर आणि आयरिसच्या वरंब्यावर काही नाही, उघडी माती. वाऱ्याने पाला वरंब्यावर सरकतो, तो हाताने मागे ओढावा लागतो.

एवढं करूनही एका उन्हाळ्यात पाऊस बरेच दिवस चालला आणि सड आलीच. एका आयरिसची मधली पाती पिवळी पडून आडवी झाली. हलकेच ओढली तर बुडापासून सुटून हातात आली, आणि मागोमाग उग्र, कुबट वास. बोटाने दाबलं तर गड्डा पिठूळ, आतून पाणी सुटलेलं. ही जिवाणूंची मऊ सड. अशा वेळी घाबरून अख्खी ओळ उपटायचं कारण नसतं. माती बाजूला केली, चमच्याने सडका भाग पांढरा, कडक गर लागेपर्यंत खरवडून काढला आणि तो सगळा गाळ बागेबाहेर टाकला. जखम उघडी ठेवून गड्ड्याला ऊन खाऊ दिलं. प्रत्येक गड्ड्यानंतर चमचा आणि सुरी एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवली, कारण हत्यारांवरून ही सड पुढच्या गड्ड्याला लागते. शेजारच्या डेलिलीची वाकलेली पानं त्या बाजूने कापून टाकली. डेलिली पुन्हा पानं फोडते, तिच्यावर त्याबाबत दया दाखवू नये. ओळीतले बाकीचे गड्डे वाचले. ज्या पिलांची कड घट्ट होती तीही सावरली.

त्याच उन्हाळ्यात वाफ्याच्या तळाशी, जिथे पाणी सगळ्यात जास्त रेंगाळतं, तिथे सायबेरियन आयरिस मात्र खुशीत होता. या सगळ्या खटाटोपातून मला सापडलेला खरा खजिना हाच. जात ‘सीझर्स ब्रदर’, १९३२ची, गडद निळी-जांभळी. याचे कंद बारीक असतात, मातीखाली असतात आणि त्यांना ओल आवडते. पाती गवतासारखी अरुंद, उभी, आणि बहर गेल्यावरही उन्हाळाभर हिरवी राहतात. डेलिलीला जे पाणी, जे कंपोस्ट, जे आच्छादन, तेच याला. वेगळं काही करावं लागत नाही. पहिल्या वर्षी तो जरा रुसून बसतो, लावताना मुळं वाळू दिली तर जास्तच, पण एकदा बसला की बरीच वर्षं हलवावा लागत नाही. ज्यांची जमीन जड आहे किंवा ज्यांच्याकडे पाऊस उन्हाळ्यात पडतो त्यांनी बिअर्डेड आयरिसच्या नादी न लागता डेलिलीसोबत सरळ सायबेरियन आयरिस लावावा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. फूल तेवढं भव्य नसतं, झालरी नसतात. पण शेकड्याने नाजूक फुलं एका वेळी वर आली की भव्यतेची उणीव भासत नाही.

थंडी सुरू झाली की दोन्ही झाडांची वाळकी पानं गोळा करायची आणि बागेत न ठेवता बाहेर काढायची. आयरिसच्या पानांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी जुन्या पानांवरच हिवाळा काढते. उत्तर अमेरिकेत आयरिस बोरर नावाच्या पतंगाची अंडीही तिथेच टिकतात. वसंतात अळी पात्यातून पोखरत गड्ड्यापर्यंत उतरते, आणि तिने केलेल्या भोकातून पुन्हा तीच मऊ सड शिरते. डेलिलीवर तांबेरा येतो, पानाच्या मागच्या बाजूला नारिंगी पूड दिसते. नवं रोप आणलं की काही काळ वेगळ्या कुंडीत ठेवून मगच वाफ्यात लावावं, ते यासाठी.

घरात मांजर असेल तर हा वाफा लावूच नका. डेलिलीचा कुठलाही भाग पोटात गेला तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, परागकण अंगावरून चाटले गेले तरी धोका असतो. आयरिसचा गड्डाही जनावरांना बाधतो, पण डेलिली मांजराच्या जिवावर बेतते.

आयरिस तीन-चार वर्षांत दाटतो, मध्यभागी जुने, पानं नसलेले गड्डे उरतात आणि बहर घटतो. डेलिलीला त्याहून जास्त वेळ चालतो. दोघांची विभागणी एकाच वर्षी काढली तर पुढच्या वसंतापासून अख्खा वाफा मलूल दिसतो, म्हणून मी ती वेगवेगळ्या वर्षी करते. यंदा आयरिसची पाळी आहे. वरंबा उकरून झाला आहे, जुने गड्डे बाजूला टाकले आहेत आणि भरदार पिलं पाती छाटून सावलीत सुकत ठेवली आहेत, म्हणजे कापलेल्या जागांवर खपली धरेल. रिकाम्या वरंब्यात डेलिलीची मुळं दोन ठिकाणी शिरलेली सापडली, ती काढून वाळूचा नवा थर घातला. पिलं याच आठवड्यात लावणार. पुढच्या वसंतात या ओळीला दांडे थोडेच येतील, त्या वर्षी निळा रंग सांभाळायचं काम ‘सीझर्स ब्रदर’कडे.